पोळ्यापासूनची घरघर

परत आल्या दिवशी बुटाचे बंद सोडता सोडता मी हिला सांगितलं, "ही ट्रंक माळ्यावर टाक आणि शिडी शेजाऱ्यांना देऊन टाक. मी आता कुठेही जाणार नाही. वऱ्हाडात तर नाहीच नाही."

लोक वऱ्हाडात जातात ते नरनाळ्याचा किल्ला बघायला, नाहीतर चिखलदऱ्याची हवा खायला. मी गेलो होतो जीपगाड्यांच्या खाली झोपायला. आमच्या सरकारी खात्याच्या पुण्यातल्या कार्यशाळेत मी फोरमन, वय चौपन्न. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या जीपा 'आवाज करतात' अशी पत्रांवर पत्रं आली, तेव्हा आमच्या साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "साठे, तुमचा कान चांगला आहे." कान चांगला आहे हे खरं, पण देवाने त्याच्याबरोबर पाठही चांगली दिली असती तर उपकार झाले असते. बारा दिवसांत मी तो प्रांत पाहिला तो बहुतेक उताणा पडून, दोन चाकांच्या मधून जेवढा दिसला तेवढा.

अमरावती

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा भाद्रपद संपत आला होता. पाऊस थांबला होता, ऊन मात्र नवं कोरं. अमरावतीच्या गॅरेजात पोचलो तर तीन जीपा ओळीने उभ्या होत्या आणि त्यांच्याभोवती पंधरा-वीस माणसं. पुण्याचा माणूस गाडीची नाडी बघणार, अशी बातमी आधीच पसरली होती.

वाचकांपैकी बहुतेकांनी जीपच्या पोटाखाली डोकावलेलं नसेल, आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नसेल. पण पुढचं कळावं म्हणून एवढं सांगतो. मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा एक लोखंडी गोळा असतो. इंजिनाची ताकद एका लांब दांड्यातून त्या गोळ्यात येते आणि आतली दातेरी चाकं ती डाव्या-उजव्या चाकांना वाटून देतात. पुस्तकात त्याला डिफरन्शिअल म्हणतात. ड्रायव्हर लोक नुसतं 'गोळा' म्हणतात आणि तेच बरं आहे. त्या गोळ्यात शेर-सव्वाशेर तेल असतं, काळपट, काकवीसारखं दाट, गंधकाचा वास मारणारं. ते वेळच्या वेळी बदललं तर गोळा वर्षानुवर्षं तोंड उघडत नाही.

तोंड उघडलंच तर काय बोलतो ते ऐकायला शिकावं लागतं. उभी गाडी सुटताना एकदाच 'ठक्' झालं तर दांड्याचा सांधा झिजला. पाय दाबा की उचला, घरघर सारखीच राहिली तर बेअरिंग. पाय दाबला की रडते आणि उचलला की गप्प बसते, तर गोळ्यातले दाते. फक्त वळणावर कुरकुरली तर दुखणं आणखी आत. आणि रस्ता बदलल्याबरोबर आवाज बदलला तर गाडीला काही झालेलं नाही, ती टायरं आहेत, घरी जा.

माझ्याकडे दीड हात लांबीची एक सागवानी काठी आहे. मागची चाकं उचलून, इंजिन चालू ठेवून, काठीचं एक टोक गोळ्याला टेकवायचं आणि दुसरं कानामागच्या हाडाला. मी तसा पडलो होतो तेव्हा वरून कोणीतरी विचारलं, "काय म्हणून राहिली गाडी, सायेब?"

"म्हणते, मला पुण्याला न्या."

"मंग इथंच मेलेली बरी," दुसरा म्हणाला, आणि सगळे पोट धरून हसले.

असं आहे तिकडचं बोलणं. आमच्याकडे माणूस आधी दार किलकिलं करतो, मग वाक्य. तिकडे दोन्ही सताड उघडी. खानावळीत दुसरी पोळी नको म्हटलं तर मालक कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काहून? आजारी हाये का?" पुण्यात मला तिसाव्या वर्षी शेवटचं कोणी इतक्या काळजीने विचारलं असेल, पण त्या वेळी रागच आला. मी दमलो होतो.

वरूड

वरूडला रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी संत्र्यांचे बगीचे. फळं अजून हिरवी होती, तरी एका बागवानाने चार तोडून दिली आणि खाताना माझं तोंड कसं होतं ते बघत उभा राहिला. तिथली जीप घेऊन शेंदूरजनाघाटापर्यंत जाऊन आलो. पक्क्या रस्त्यावर ती भुंग्यासारखी गुणगुणे आणि कच्च्यावर उतरली की चूप. म्हणजे टायरं. एवढ्यासाठी मी पुण्याहून आलो होतो.

तिथला ड्रायव्हर गजानन हा भला माणूस. त्याने गॅरेजच्या भिंतीवर चिकटवलेला एक तक्ता मला दाखवला. कुठे कोणतं तेल, किती मैलांनी बदलायचं, सगळं बारीक अक्षरात छापलेलं, इंग्रजीत.

"तुमी हे वाचता का?" मी विचारलं. दोन दिवसांत माझंही 'तुम्ही' झिजून 'तुमी' झालं होतं.

"आमाले काय समजते त्यातलं? चित्र पाहातो. पुण्याहून मराठीत येनार हाये म्हणे, दोन साल झाले आयकून राहिलो."

मी भिंतीकडे बघत राहिलो. ते मराठीत करायचं काम माझ्याकडे होतं. राज्य मराठी झालं, कचेऱ्या मराठीत लिहू लागल्या, तेव्हा साहेबांनी तो तक्ता माझ्या टेबलावर ठेवला होता. 'ल्युब्रिकंट'ला काय म्हणावं यावर मी एक संध्याकाळ घालवली आणि कागद खणात टाकले. खण अजून तसाच होता. गजाननला मी म्हटलं, "येईल, येईल."

त्या दिवशी त्याच्या घरी जेवलो. ज्वारीची भाकरी, पिठलं आणि पिठल्यावर धार धरून ओतलेलं जवसाचं कच्चं तेल. तिकडे त्याची चैन समजतात. मला तो वास झेपला नाही, रंगाच्या दुकानात बसून जेवतोय असं वाटलं. खरं म्हणजे वाटलं ते बरोबरच होतं, रंगात तेच तेल घालतात. वाळलं की त्याची पापडी धरते. पाहुणचार म्हणून दोन घास गिळले आणि पाणी प्यालो.

अकोला

अकोल्याच्या कचेरीत मात्र प्रकरण वेगळं होतं. तिथल्या हेडक्लार्कने, ज्याला सगळे नुसतं बाबू म्हणत, माझ्यापुढे एक फाईल ठेवली. फाईलच्या वर नाव: पुंडलिक वानखडे, जीप चालक.

"याच्या गाडीचा गोळा पोळ्यापासून घरघरतो," बाबू म्हणाला. "आखाडात नवं तेल दिलं होतं मी, सही आहे त्याची. दोन महिन्यांत गोळा बोंबलतो म्हणजे काय? तेल विकलं त्याने. तुम्ही फक्त गोळ्यात तेल नव्हतं असा अभिप्राय द्या. बाकीचं मी बघतो. नोकरी जाईल."

नोकरी जाईल हे त्याने 'चहा येईल' अशा आवाजात सांगितलं. मग न विचारता असंही सांगितलं की छप्पन साली याच्या घरच्यांनी बुद्ध धम्म घेतला आहे, "तेव्हा समजून घ्या." मी काय समजून घ्यायचं ते तो बोलला नाही. मीही विचारलं नाही. तिथेच विचारायला हवं होतं. पण पाठ दुखत होती, पंखा बंद होता, आणि माणूस दमला की भित्रा होतो.

पुंडलिक बाहेर जीपपाशी उभा होता. तिशीचा, उंच, खाकी सदऱ्याला कडक घडी. घराण्यातला पहिला सरकारी नोकर, हे नंतर कळलं. जीप इतकी स्वच्छ होती की मला संशयच आला. मी लॉगबुक चाळलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी 'अकोट मुक्काम' अशी नोंद.

"तेल कोणी बदललं?" मी विचारलं.

"मीच, सायेब. आखाडात."

"त्यानंतर गोळा उघडला होता?"

तो क्षणभर थांबला. "नाही."

"बरं. उद्या अकोटच्या पुढे डोंगरापर्यंत गाडी चालवू. ऐकतो मी तिचं."

उमरीचा रस्ता

अकोटकडे जाणारा तो मुलूख खारपाणपट्ट्याचा. विहिरीला पाणी असतं, पण खारट. वाटेत एका टपरीवर चहा घेतला, त्यात साखर आणि मीठ दोन्ही सारखंच लागत होतं. मी तोंड वाकडं केलं तर टपरीवाला म्हणाला, "सवय होते, बाबूजी. आमचे सोयरे बाहेरगावी गेले का त्याईले गोडा चहा अळणी लागते." दोन्ही बाजूंना काळी जमीन, कमरेएवढी कपाशीची पऱ्हाटी, बोंडं अजून मिटलेली. बघायला सुंदर होतं. मी मात्र डोळे मिटून बसलो होतो, कारण ऐकत होतो.

पुंडलिक गाडी फार छान चालवत होता, हे कबूल करतो. खड्ड्याआधी वेग कमी करायचा, खड्ड्यात नाही. गोळा मात्र पाय दाबला की रडे. म्हणजे दाते. दहा मैलांनंतर पाय उचलल्यावरही रडू लागला. आणखी पाच मैलांनी त्यात खालचा, जाडा आवाज मिसळला, म्हणजे बेअरिंगही चाललं. आणि मग मला कसलासा वास आला. तळणीचा.

"थांबव!"

"सायेब, अजून थोडं पुढं..." तो इकडेतिकडे बघू लागला. समोर उजवीकडे एक गाडीवाट फुटत होती आणि झाडीत पाच-पन्नास घरं दिसत होती. "इथं नको. अकोटले गॅरेज हाये."

"अकोटपर्यंत ही पोचणार नाही. थांबव म्हणतो ना!"

चिखलात गोणपाट टाकून मी पुन्हा उताणा झालो. गोळा हात लावू देईना इतका तापला होता. निवेपर्यंत थांबलो, आणि तेव्हा खालच्या बोल्टांच्या खाचांत पिवळं काहीतरी दिसलं. नखाने काढलं. हळद! जीपच्या पोटाखाली हळद कशाला लागते? मग पान्याने खालचं बूच सोडलं.

काळं तेल यायला हवं होतं. आलं ते पिवळं, चिकट, सायीसारखं, गुठळ्या-गुठळ्यांनी. गंधकाचा मागमूस नाही. मी बोट नाकाशी नेलं आणि मला वरूडचं पिठलं आठवलं. जवसाचं तेल. त्यात पाणी घुसळलेलं, वर तापून तापून दात्यांवर पापडी धरलेली.

मी रांगत बाहेर आलो आणि त्या माणसावर असा भडकलो की बांधावरचे बगळे उडाले. "जवस? अरे, गिअरच्या तेलाच्या जागी जवस? सरकारी तेल विकलंस आणि खायचं तेल भरलंस? बाबू बरोबरच म्हणत होता!"

पुंडलिक पायाच्या बोटांकडे बघत म्हणाला, "हो सायेब. विकलं. मीच विकलं. लिवा तुमी."

तीस वर्षांत एकाही ड्रायव्हरने पहिल्या विचारण्यात मला खरं सांगितलेलं नाही. हा इतक्या पटकन कबूल झाला, म्हणून माझा विश्वास बसेना. शिवाय तेल विकणारा माणूस गोळ्याला हळद कशाला लावेल? मी विचारणार, तेवढ्यात गाडीवाटेने एक म्हातारा काठी टेकत जवळजवळ धावतच आला.

"पुंडलिका! आला का बाप्पा! मी दुरूनच वयखली गाडी!"

ते पुंडलिकाचे वडील, तुळशीरामबाबा. झाडीतलं ते गाव म्हणजे उमरी, त्याचं गाव. पुंडलिकाने डोळे मिटून घेतले.

तुळशीरामबाबाच्या घरी

आता जेवायलाच घरी चला, असा म्हाताऱ्याने हट्ट धरला. पुंडलिक नको नको म्हणत होता, पण पोटात कावळे ओरडत होते आणि मला सावली हवी होती. दोन खोल्यांचं घर, अंगण शेणाने सारवलेलं. दाराजवळ बैल बांधायचे दोन खुंटे, रिकामे. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, ताज्या फुलांचा हार घातलेली.

पुन्हा पिठलं. पुन्हा भाकर. वरून जवसाचं तेल, आणि या वेळी धार थांबेचना. "खा सायेब, घानीचं हाये, आपल्या वावरातलं." म्हाताऱ्याच्या बोलण्यात पोळ्याचा 'पोया' आणि हळदीची 'हयद' होई. दोन-चार वाक्यांत मला सवय झाली.

"तुमीच पुंडलिकाच्या गाडीचे मोठे डाक्टर का? मंग तुमाले सांगतो," तो माझ्यापुढे उकिडवा बसला. "दोन साल झाले, आमची जोडी गेली. आधी ढवळ्या गेला, मंग त्याच्या दुःखानं दुसरा. पोयाच्या आदल्या दिवशी खांदशेकनी असते, तुमच्याकडं करत असान. साल भर ज्या खांद्यावर जू घेतलं तो खांदा गरम पान्यानं धुवाचा, लोनी-हयद लावाची, पयसाच्या पानानं शेकाचा. अन् म्हनाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. आमी देवं सोडले छप्पन साली. पन बैल कोन सोडते? त्यानं राबून आमाले खाऊ घातलं."

"बरोबर आहे," मी म्हटलं. हाताला मऊ लागणारी भाकरी मोडत होतो.

"औंदाई खुंटे रिकामे. अन् त्याच दिवशी हा आला गाडी घेऊन. तीन दिवसाचा जागा, पानी प्याला अन् आडवा झाला. मी म्हनलं, आता घरात राबते कोन? हेच गाडी. हिच्यावर आमी चारजन खाऊन राहिलो. मंग बैल हाच. झोपेतच इचारलं याले, पुंडलिका, इचा खांदा कोठी असते रे? सारा जोर कोठून लावते? हा म्हने, मांगं, त्या गोयात."

पुंडलिकाने हातातला घास ताटात ठेवला.

"पाना सीटखाली व्हता. याले तेल बदलतानी पाह्यलं व्हतं मी. बूच खोललं तर बाप्पा, कायंकुट्ट पानी, सडेल वास! मी म्हनलं, कोन ठेवलं इच्या खांद्यात हे? सारं काढलं. दोन मडके गरम पान्यानं धुतला. घरात होतं तेवढं जवसाचं तेल घातलं, हयद घातली, लोन्याचा एक गोया घातला. अन् बाहेरून पानानं शेकला." त्याने हात जोडले, जीप उभी होती त्या दिशेला. "तवापासून बरी चालते ना गाडी?"

मी पुंडलिकाकडे बघितलं नाही. "चालते," मी म्हटलं.

हात धुवायला बाहेर गेलो, तसा पुंडलिक मागोमाग आला. म्हणाला, "पोळ्याच्या सकाळी बाहेरची हळद दिसली व्हती मले. वाटलं, बाहेरूनच शेकला. आतलं आजच समजलं, तुमच्या बोटावर पाहून. इथं थांबाची परवानगी नव्हती, लॉगबुकात मी अकोट लिवलं. ते खोटं हाये. पन सायेब, पाया पडतो, चोरीच लिवा. तेल विकलं म्हना. नोकरी तशीई जाते अन् अशीई. पन बापाले कळलं का त्याच्या हातानं पोराची नोकरी गेली, तर हा मानूस जगन नाही."

माझ्या हातावरचं पाणी तसंच वाळलं. असला बाप मला नव्हता आणि असला मुलगा मी नव्हतो, एवढं त्या अंगणात उभं राहून कळलं आणि ते कळून फार वाईट वाटलं.

आत आलो तर म्हाताऱ्याने चुलीतले निखारे पुढे ओढले होते आणि त्यावर पळसाचं पान धरलं होतं. "सदरा काढा, सायेब."

"कशाला?"

"मघापासून पाहून राहिलो. डावा खांदा खाली टाकून चालता. घास घेता तवा तोंड वाकडं होते." आमच्याकडे असं कोणी कोणाला सांगत नाही. मी नको म्हटलं, त्याने ऐकलं नाही. मी सदरा काढून, चौपन्न वर्षांचा माणूस, त्याच्यापुढे पाठ करून बसलो. त्याने गरम पाण्याने खांदा पुसला. लोणी आणि हळद चोळली. मग ते ऊन पान दाबून धरलं, उचललं, पुन्हा दाबून धरलं. तीस वर्षं मी गाड्यांखाली झोपतोय. खांद्याचं कोणी विचारलं नव्हतं, हिने आयोडेक्स पुढे केलं असेल तेवढंच. माझे डोळे भरून आले आणि मी चुलीच्या धुरावर ढकललं.

"आज आवतन घ्या," म्हातारा हसत म्हणाला, "उद्या जेवाले या."

दुपारी आम्ही गोळा रॉकेलने तीनदा धुतला, पापडी खरवडली, माझ्याजवळच्या डब्यातलं तेल भरलं. दात्यांवर ओरखडे होते, ते काही भरून येणार नव्हते. पण गाडी हळूहळू अकोल्याला पोचेल इतपत झाली. म्हातारा वाटेपर्यंत सोबत आला आणि गोळ्यावर थाप मारून परत गेला.

पुन्हा अकोला

दुसऱ्या दिवशी बाबूने कोरा अभिप्राय आणि शाईची दौत माझ्यापुढे ठेवली. पुंडलिक दाराबाहेर उभा होता, त्याची सावली आत पडली होती.

मी लिहिलं: गोळ्यात अयोग्य प्रकारचं तेल आढळलं, चोरी आढळली नाही. क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चाकं बदलावीत. कारण: कोणतं तेल घालावं आणि गोळा कोणी उघडावा, याची मराठीतली सूचना कार्यशाळेने चालकांना दोन वर्षं पुरवली नाही. जबाबदारी: निम्नस्वाक्षरीकार.

बाबूने ते दोनदा वाचलं. "निम्नस्वाक्षरीकार म्हणजे तुम्हीच की!"

"हो. मीच."

"पण अयोग्य तेल घातलं कोणी?"

"ते माझ्या काठीला ऐकू आलं नाही."

तो तांबडा झाला. लॉगबुकातली खोटी नोंद मला माहीत होती आणि मी ती लिहिली नाही. नियमाने हे चूक आहे. त्यावर मला कोणी बोलणार असेल तर त्याने बोलावं, मी ऐकून घेईन. सही करून मी बाहेर आलो. पुंडलिक जीप घेऊन आला. मी म्हटलं, "स्टेशनवर सोड. आणि खड्डा आला की आधी वेग कमी कर, करतोस तसाच."

पुणे

व्हायचं ते झालं. निवृत्तीला दहा महिने असताना माझ्या सेवापुस्तकात हलगर्जीपणाचा ताशेरा पडला. साहेब म्हणाले, "साठे, हे काय करून बसलात?" मी म्हटलं, जे खरं होतं तेच लिहिलं. आणि ते खरंच होतं, अर्धं तरी.

मग मी खण उघडला आणि आठ संध्याकाळी बसून तक्ता मराठीत केला. 'ल्युब्रिकंट'ला 'तेल' म्हटलं, आणि कोणाचंही काही अडलं नाही. शेवटची सूचना माझी स्वतःची: 'सणासुदीला गाडीची पूजा करणे झाल्यास ती बाहेरून करावी. गोळ्याचे बूच चालकाखेरीज कोणी सोडू नये.' साहेबांनी त्याखाली प्रश्नचिन्ह काढलं. मी म्हटलं, राहू द्या. राहिलं.

यंदा पोळा झाला तेव्हा मी निवृत्त होऊन दीड महिना झाला होता. पुण्यात त्या दिवशी मातीचे बैल पूजतात. आमच्याकडेही पूजले. नंतर चार दिवसांनी एक पोस्टकार्ड आलं, पुंडलिकाचं. नोकरी चालू आहे, नव्या गोळ्याचा आवाज नाही, असं लिहिलं होतं. आणि खाली: 'तुमचा तक्ता आला तो बाबांना वाचून दाखवला. शेवटची ओळ दोनदा वाचायला लावली. मी भ्यालो. मग म्हणाले, चूक माझीच व्हती, पन सायबानं म्हाताऱ्याचं नाव नाही घातलं. औंदा गाडीचा खांदा बाहेरूनच शेकला. गाडीला आवतन देऊन झालं आणि मला म्हणाले, त्या सायबालाही लिही. त्याचा डावा खांदा दुखते. आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.'

उद्या म्हणजे तो दिवस जाऊन चार दिवस झाले होते. मी कार्ड दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात. ही भाजी निवडत होती. मी तिला म्हटलं, "शेजाऱ्यांकडून शिडी आण."